कमर्शियलला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या शाळांत चित्रकलेच्या सरांचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘हिचा हात चांगला आहे.’ एलिमेंटरी झालेली असते, इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी आलेली असते, दहावीच्या गुणांत त्याची थोडी भरही पडलेली असते. मग घरात विचार सुरू होतो, की या चांगल्या हाताचं आता करायचं काय. चित्रं काढून पोट भरत नाही, असं वडील म्हणतात. मामा किंवा आत्या, घरातलं जे कुणी मुंबई-पुण्यात राहिलेलं असतं ते सुचवतं, ‘कमर्शियलला घाला. त्यात नोकरी आहे.’ कॉलेजच्या पाटीवर उपयोजित कला लिहिलेलं असो, मुलं तिला अप्लाइड म्हणोत, की एखाद्या खासगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ती कम्युनिकेशन डिझाइन होऊन येवो. नातेवाइकांत अजून ‘कमर्शियल’च चालतं.

हे पुस्तक त्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो, म्हणून संपादकांनी प्रस्तावना माझ्याकडे सोपवली. रंग, रचना, मुद्रण, पोर्टफोलिओ, प्रवेश परीक्षा हे सगळं पुढच्या प्रकरणांत तपशिलाने आलं आहे. त्याची उजळणी इथे नको. मला एकाच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. सॉफ्टवेअर मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकता येतं, मग चार वर्षं कॉलेजात कशाला घालवायची? प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला उद्धट ठरवून तो टाळता येत नाही, कारण या क्षेत्रातली आपली कितीतरी मोठी माणसं हा विषय कुठल्याही कॉलेजात शिकलेली नव्हती.

कमल शेडगे यांचंच घ्या. मराठी नाटकांच्या जाहिराती, दिवाळी अंकांची नावं, पुस्तकांची शीर्षकं यांना ज्यांनी अनेक दशकं चेहरा दिला, ते शेडगे कलेची पदवी घेऊन आलेले नव्हते. वडील टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात होते. मुलगाही १९५०च्या दशकात तिथेच लागला आणि काम करता करता अक्षर शिकला. वसंत सरवटे हे सिव्हिल इंजिनिअर. सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठं आणि मराठी लेखकांच्या पुस्तकांतली चित्रं केली. आर. के. लक्ष्मण यांना तर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने, म्हणजे जेजेने, प्रवेशच नाकारला होता. पालकांच्या सभेत कुणी ही तीन नावं घेतली की माझी बाजू लंगडी पडते. तरीही ती नावं मी आपणहून घेतो, कारण प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच गोष्टीत आहे.

शेडगे शिकले ते वर्तमानपत्राच्या कलाविभागात. टेबलाला टेबल लावून माणसं बसलेली असायची. कुणी नुसती अक्षरं काढायचं, कुणी फोटो रिटच करायचं, कुणी ले-आउट आखायचं, कुणी ब्रोमाइड कापून रबर सोल्यूशनने चिकटवायचं. नवा मुलगा आधी दुसऱ्यांच्या चौकटी आखायचा, ब्रश धुवायचा. कोपऱ्यातली एखादी छोटी जाहिरात त्याच्या वाट्याला यायला वेळ लागायचा. त्यात काही बिघडलं तर छापायला जाण्याआधी एखादा वरिष्ठ ते अडवायचा. अडवलेलं काम रात्रीत पुन्हा करायचं आणि सकाळी लोकलमध्ये ते परक्या माणसाच्या हातात बघायचं. जाहिरात संस्थांच्या स्टुडिओंतही तीच तऱ्हा होती. धंदाच शाळा चालवत होता, आणि ती शाळा पगार द्यायची.

१९८५ साली मॅकिंटॉश, लेझर प्रिंटर आणि पेजमेकर एकत्र आले. आपल्याकडे ती लाट पोचायला काही वर्षं गेली. पण नव्वदच्या दशकात टाइपसेटर, पेस्ट-अप करणारा, फिनिशिंग आर्टिस्ट आणि अक्षरं काढणारा या चौघांची कामं एका माणसाच्या पडद्यावर येऊन बसली. काम झटपट झालं, स्वस्त झालं, जिल्ह्याच्या गावात होऊ लागलं. हे सगळं चांगलंच झालं. रबर सोल्यूशनच्या वासाची आठवण काढून मी उसासे टाकणार नाही. शिकाऊ मुलाची खुर्ची मात्र त्या घाईत गेली. आज एजन्सीत नुकत्याच लागलेल्या मुलीला संध्याकाळपर्यंत एकच जाहिरात डझनभर आकारांत करून द्यायची असते, आणि तिचं काम अडवू शकेल अशा वरिष्ठाला स्वतःची डझनभर संपवायची असतात. तालुक्याच्या गावात तर सकाळी वाढदिवसाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि दुपारी फ्लेक्स चौकात चढतो. तो फ्लेक्स करणारा मुलगा कोरल ड्रॉमध्ये माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा तरबेज असतो. त्याला ‘हे वाचता येत नाही, पुन्हा कर’ असं म्हणणारं मात्र कुणी भेटलेलं नसतं. भाऊंचा चेहरा मोठा दिसला की गिऱ्हाईक खूश.

कॉलेजची गरज मला इथे दिसते. सावकाश चुकायची मुभा आणि काम अडवणारा माणूस या दोन्ही गोष्टी पूर्वी धंद्यातच मिळायच्या. आता त्या जवळजवळ फक्त कॉलेजातच उरल्या आहेत. ज्या कॉलेजात त्याही मिळत नसतील तिथे फी भरू नये, एवढं बोलायला मी कचरत नाही.

ही शाखा चित्रकलेच्या वाड्यात कशी आली, हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण तिच्या स्वभावातल्या अर्ध्या गुंत्याचा उलगडा त्यातून होतो. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली जे स्कूल ऑफ आर्ट निघालं, त्याला सुरुवातीला कसबी कारागीर घडवायचे होते. १८६५ साली आलेले लॉकवुड किपलिंग हे इमारतींवरच्या शिल्पकामाचे शिक्षक. त्यांचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षी मुंबईत जन्मला. ‘शुद्ध’ चित्रकलेचा दबदबा पुढे वाढला, आणि कारागिरी मागच्या दाराशी गेली. बाहेर शहरात तोवर छापील चित्रांचा बाजार उभा राहत होता. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवदेवता घराघरांत टांगल्या गेल्या. त्या छापखान्यासाठी काम केलेले दादासाहेब फाळके हे जेजेचेच विद्यार्थी. गिरण्यांची लेबलं, कॅलेंडरं, सिनेमाची पोस्टरं, औषधांच्या बाटल्या, या सगळ्याला माणसं लागत होती. १९३५ साली व्ही. एन. आडारकर यांच्या पुढाकाराने जेजेत कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला, तो या मागणीपोटी. १९४८ साली मुंबईच्या कमर्शियल आर्टिस्टांनी आपला गिल्ड काढला. १९६१ साली हा विभाग स्वतंत्र संस्था झाला आणि त्याला सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट हे नाव मिळालं.

या बाजारी वळणाच्या शाळेला नाकं मुरडायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. गोव्याहून आलेले, जेजेत शिकलेले दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं आणि मराठी घरांत मुखपृष्ठ नावाची गोष्ट न्याहाळून बघायची सवय लावली. ज्या घरांत भिंतीवर एकही चित्र नव्हतं, तिथे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं. लोकांच्या डोळ्यांचं एवढं शिक्षण आपल्या किती कलादालनांनी केलं असेल?

दुसरा प्रवाह वेगळ्या डोंगरातून आला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं : डोक्यावर किंवा कमरेवर घेताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, तो घासायला, वाहायला, विकायला कसा आहे, असे प्रश्न त्या साध्या भांड्याला विचारून. त्या अहवालाच्या पाठोपाठ, १९६१ सालीच, अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. १९६९ साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. तिथले सुधाकर नाडकर्णी आधी जेजेत कमर्शियल आर्ट शिकले आणि मग जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयात गेले होते. उल्मची ती शाळा १९६८ साली बंद पडली. पवईची त्याच्या पुढच्याच वर्षी निघाली. म्हणजे हे दोन प्रवाह नाडकर्णी या एका माणसाच्या आयुष्यात आधीच मिसळले होते. तरी त्यांचे स्वभाव आजही ओळखू येतात. जेजेच्या वळणाने बी.एफ.ए. करणारा मुलगा आधी चित्र दाखवतो आणि मग कारण सांगतो, डिझाइनच्या वळणाने बी.डेस. करणारा आधी कारण सांगतो आणि कधी कधी चित्र दाखवायचं राहूनच जातं.

आता कॉलेजच्या आत. पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं आणि चांगला हात असलेल्या मुलांना त्याचाच सगळ्यात जास्त कंटाळा येतो. ‘सर, हे आम्ही इंटरमिजिएटलाच केलं.’ काळ्या कागदाचे चौकोन कापा, पांढऱ्यावर मांडा, हलवा, पुन्हा मांडा. एखादा चौकोन कडेच्या इतका जवळ न्या की तो आता कागदाबाहेर पडेल असं वाटावं. चित्र काढून उरलेली जागा म्हणजे पांढरी जागा, असं समजूनच बहुतेक मुलं येतात. तीही आपणच ठेवलेली असते, तिलाही आकार असतो, हे एकदा डोळ्यांत उतरलं की वर्ष वसूल झालं. काहींना ते दिवाळीपर्यंत उमगतं, काहींना तिसऱ्या वर्षात, आणि काही जण ते न उमगताही उत्तम पगार घेतात.

मग ब्रीफ, म्हणजे ठरावीक गरजेसाठीची कामं, येऊ लागतात. मला आवडणारा एक स्वाध्याय वीजबिलाचा आहे. मुलांना सांगायचं, घरचं बिल आणा आणि ते नव्याने मांडा. पहिल्या खेपेला सगळ्यांची बिलं देखणी होऊन येतात : वर विजेच्या दिव्याचं चित्र, वापराचा रंगीत आलेख, कोपऱ्यात पर्यावरणाचा संदेश. मग सांगायचं, हे शेजारच्या आजींच्या हातात द्या आणि काही न बोलता त्यांचं बोट कुठे फिरतं ते बघा. बोट दोनच गोष्टी शोधत असतं : किती भरायचे आणि कधीपर्यंत. मुलांनी रंगवलेल्या आलेखावरून ते सरळ पुढे निघून जातं. दुसऱ्या खेपेला मुलं त्वेषाने बाकीचा मजकूर कापून टाकतात. तेव्हा त्यांना सांगावं लागतं की ग्राहक क्रमांक, मीटरचं वाचन, दराचे टप्पे, तक्रारीचा पत्ता यातलं काहीच काढता येणार नाही. शिवाय कागद हाच, शाई एकच, आणि छापखान्यातून अशी बिलं लाखांनी निघणार आहेत. खरं काम तिथून सुरू होतं. काढता येत नाही, मग लहान-मोठं करा, जवळ-लांब करा, आधी-नंतर करा. मजकूर तोच राहतो आणि आजींचं बोट थेट आकड्यावर जाऊन थांबतं. असा निकाल लागला की वर्गात जी शांतता होते, ती मी कुठल्याही पोस्टरसमोर पाहिलेली नाही.

ज्युरीचंही सांगायला हवं, कारण घरच्यांना हा प्रकार नवा असतो. लेखी परीक्षेसारखं इथे उत्तर झाकून ठेवता येत नाही. काम भिंतीवर लावायचं, शेजारी उभं राहायचं, आणि शिक्षक, बाहेरून आलेले व्यावसायिक, वर्गमित्र असे सगळे त्यावर बोलणार. ‘मला आवडलं म्हणून’ हे उत्तर तिथे चालत नाही. हे कुणासाठी आहे, ते कुठे उभं राहून वाचणार, किती लांबून, किती वेळ, उन्हात की दिव्याखाली, यावर बोलावं लागतं. चांगल्या ज्युरीतून मुलगी पडेल चेहऱ्याने बाहेर येते आणि जिना उतरता उतरता तिला पुढचा मार्ग दिसू लागलेला असतो. वाईट ज्युरीही असतात. विद्यार्थ्याला रडवणं म्हणजे शिस्त, अशी समजूत आपल्या कलाशिक्षणात बरीच मुरली आहे. सबमिशनच्या आधी तीन-तीन नाइट मारल्याच्या कथा मुलं अभिमानाने सांगतात आणि शिक्षक कौतुकाने ऐकतात. न झोपलेल्या डोळ्यांना दोन ओळींतलं अंतर नीट दिसत नाही, एवढं साधं कारणही ही प्रथा मोडायला पुरेसं आहे.

आता अक्षर. इथे मी रेंगाळणार आहे, कारण मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी पुंजी इथे आहे आणि अभ्यासक्रम तिला सगळ्यात कमी तास देतात. टायपोग्राफीच्या वर्गात शिकवलं जातं ते बहुतेक रोमन अक्षराच्या अंगाने : खालची आधाररेषा, लहान-मोठी लिपी, सेरिफ असलेले आणि नसलेले टाइप. देवनागरी वरून, शिरोरेषेला लटकते. तिच्या डोक्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि पायाशी उकार, ऋकार, हलन्त. म्हणजे एका ओळीला तीन मजले. रोमनसाठी योग्य असलेलं ओळींमधलं अंतर मराठी मजकुराला दिलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. एकाच मापात दोन्ही लिप्या लावल्या तर आपलं अक्षर बारीक दिसतं, कारण मापातली बरीच जागा मजल्यांनी खाल्लेली असते. दुभाषी फलकांवर मराठी नेहमी दबलेली का दिसते, याचं एक कारण या मापाच्या गणितातच आहे. बाकीची कारणं राजकीय आहेत आणि ती या पुस्तकाच्या कक्षेबाहेरची.

हाताने लिहून बघितल्याशिवाय हे कळत नाही. म्हणून अजूनही बोरू. देवनागरीच्या बोरूचं टोक रोमनच्या टाकाच्या उलट्या तिरकसपणाने कापतात. त्यामुळे जाड आणि बारीक रेषांची जागाच बदलते. रोमनचा टाक घेऊन ‘क’ काढणाऱ्या मुलाला आपलं अक्षर परकं का वाटतं, ते बोरू कापल्यावर मिनिटभरात समजतं. एखादा फाँट बरा की वाईट हे ठरवायला मी मुलांना चारच शब्द लावायला सांगतो : उद्ध्वस्त, दुसऱ्या, द्वंद्व, शिल्लक. पहिल्यात जोडाक्षराचा डोलारा कोसळतो का ते दिसतं, दुसऱ्यात मराठीचा खास चंद्रकोरी रफार आहे की नाही ते, तिसऱ्यात जागेची काटकसर, आणि चौथ्यात ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेबाबतचा निर्णय काढून मराठी वळण अधिकृत केलं. पण संगणकावर आयतं मिळतं ते अजूनही अनेकदा हिंदीचंच.

या कामाला मागे परंपरा आहे, आणि ती बहुतांशी मुंबईतली आहे. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेला टाइप संस्कृत आणि मराठी ग्रंथांसाठी देशभर नावाजला गेला. बापूराव नाईक यांनी १९७१ साली देवनागरी टायपोग्राफीवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारी मुद्रणखात्यातल्या माणसाने एवढं मोठं काम करून ठेवलं आहे आणि अप्लाइडच्या विद्यार्थ्यांत तो चाळलेले फार थोडे भेटतात. र. कृ. जोशी उल्का या जाहिरात संस्थेत होते, नंतर पवईत शिकवू लागले. कवी, सुलेखनकार आणि शिक्षक असा हा माणूस. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून ती वळणं सुलेखनात आणली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि मुंबईच्या एक टाइप या गटाने ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ असे फाँट विनामूल्य खुले करून दिले. आज रिक्षाच्या मागच्या काचेपासून सरकारी योजनेच्या जाहिरातीपर्यंत ‘बलू’ दिसतो. तो कुणीतरी बसून, एकेक जोडाक्षर तासून तयार केलेला आहे, हे बघणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

प्रवेशाचं पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे चार ओळी. बी.एफ.ए.च्या वाटेला राज्याची सीईटी आहे. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान येतं. आयआयटीच्या बी.डेस.साठी यूसीईईडी, तिला बारावीची कुठलीही शाखा चालते. एनआयडीची परीक्षा वेगळी. जेजेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्याने तिथले नियम त्या-त्या वर्षी तपासूनच घ्यावेत. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, पणजीत अल्तिनोवरचं १९७२ पासूनचं गोवा कला महाविद्यालय, पुण्यातलं अभिनव, अशा अनेक जागा आहेत, आणि सरकारी व खासगी संस्थांच्या फीमधली तफावत डोळे पांढरे करणारी आहे. माहितीपत्रकातल्या काचेच्या इमारतीवर जाऊ नका. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला जा. भिंतीवर किती काम मराठीत आहे ते बघा. स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलावर शाईचे डाग आहेत की धूळ, तेही बघा. ग्रंथालयात पुस्तकं कपाटाबाहेर मिळतात की कुलपात राहतात, हे एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारा.

भाषेचा प्रश्न मात्र चार ओळींत संपत नाही. बीडहून किंवा गडहिंग्लजहून आलेली मुलगी पहिल्या ज्युरीत गप्प असते. तिला काम समजलेलं नसतं असं नाही. ‘कॉन्सेप्ट’ इंग्रजीत मांडायचा या धास्तीने तिची जीभ अडखळते. बरोबरीचा कॉन्व्हेंटमधला मुलगा सुमार कामावर दहा मिनिटं अस्खलित बोलतो आणि बाजी मारून जातो. शिक्षकही त्याला भुलतात, मी हे कितीदा तरी समोर पाहिलं आहे. इंग्रजी शिकावं लागेल, त्यातून सुटका नाही. या विषयाची बहुतेक पुस्तकं त्याच भाषेत आहेत. पण विचार मराठीत करून, टिपण मराठीत लिहून मग बोलायला उभं राहिलेल्या मुलांची कामं जास्त ठाम असतात, असं माझं निरीक्षण आहे. हे पुस्तक मराठीत काढण्याचा आग्रह संपादकांनी धरला, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

पुढे काम काय मिळतं? जाहिरात संस्था, प्रकाशन, पॅकेजिंग, अ‍ॅप आणि वेबसाइटची मांडणी, सिनेमा-मालिकांची शीर्षकं, प्रदर्शनं, आणि बरंचसं स्वतंत्र काम, ज्यात पैसे वेळेवर मिळत नाहीत. क्वचित एखादं काम सगळ्या देशाच्या खिशात जातं. रुपयाचं चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं. ते करणारे डी. उदय कुमार तेव्हा पवईच्या त्याच सेंटरमध्ये पीएच.डी. करत होते. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ १९७१ सालचं, एनआयडीच्या शेखर कामत यांचं. अशी उदाहरणं अपवादात्मक असतात. बहुतेकांचं आयुष्य औषधाच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचता येईल असा लावण्यात जातं, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. एआयचं सगळे विचारतात. ते चित्रं झरझर देतं, आणि त्यातल्या देवनागरीची अजून बऱ्याचदा वाट लावतं. उद्या तेही सुधारेल. तेव्हाही आजींचं बोट कुठे थांबतं हे बघायला कुणीतरी त्यांच्या शेजारी बसावंच लागेल.

या पुस्तकात अ‍ॅनिमेशन, फॅशन आणि इंटिरिअर हे विषय घेतलेले नाहीत. ते शेजारी आहेत, पण त्यांचं शिक्षण वेगळं आहे आणि त्यांना वेगळी पुस्तकं हवीत. प्रवेश परीक्षेचं प्रकरण सगळ्यांत आधी वाचायचा मोह होईल. माझा सल्ला आहे की आधी मुद्रणाचं वाचा आणि ते हातात धरून गावातल्या ऑफसेटवाल्याकडे जा. यंत्र चालू असताना उभं राहायला बहुतेक जण परवानगी देतात, विशेषतः लग्नसराई संपल्यावर. तिथे चार रंग एकावर एक कसे बसतात, केसभर सरकले की काय होतं, आणि पडद्यावरचा भगवा कागदावर विटकरी का होतो, ते बघून घ्या. निघताना मालकांकडे वेस्टेजचा कागद मागा. एका बाजूला पत्रिका छापलेली असते, दुसरी कोरी. दुसऱ्या प्रकरणातले काळ्या चौकोनांचे स्वाध्याय त्या कोऱ्या बाजूवर करा. महागडं ड्रॉइंग पॅड इतक्यात घेऊ नका.